गळतीवाल्याच्या ब्लॉगचं बारसं

माझ्या झोपायच्या खोलीतली ओल तीन कंपन्यांनी तीन प्रकारे कायमची बंद केली होती. चौथे गृहस्थ धायरीहून स्कूटरवर आले. भिंतीकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही. "दिसतंय तिथं नसतंय, सर," म्हणाले आणि थेट गच्चीवर गेले. दोन दिवस तिथं पाणी साठवून ठेवलं, पार पलीकडच्या कोपऱ्यात एक भेग हुडकली आणि भरली. तेव्हापासून भिंत कोरडी आहे.

तेच गृहस्थ या जुलैत ब्लॉग काढून द्या म्हणत आले. वाघोलीच्या एका सोसायटीत अकरा इमारतींच्या गच्च्यांचं काम निघालं होतं, दिवाळीनंतर करायचं. ते मिळालं तर त्यांच्या हाताखालच्या दोन माणसांचं वर्ष निघालं असतं. पण सेक्रेटरींनी विचारलं होतं, "तुमचं ऑनलाइन काही वाचायला आहे का?" नव्हतं.

"तुम्ही पुस्तकं लिवता, सर. तुम्हाला काय अवघड हाय?"

पुस्तकं लिहिणाऱ्याला दुसरं काही येत असेल, असं समजणारा माणूस मला प्रथमच भेटला. मी खुर्ची पुढे सरकवली.

मजकूर त्यांनी वहीत तयारच आणला होता. 'आमची संस्था गुणवत्ता, विश्वास आणि नावीन्य या त्रिसूत्रीवर उभी आहे.' संस्था म्हणजे ते स्वतः, दोन माणसं आणि स्कूटर.

"हे कुठून घेतलंत?"

"सगळेच असं लिवतात."

"म्हणूनच विचारलं."

नावात त्यांना 'ग्लोबल' हवं होतं. आम्ही पाच-सहा नावं टाकून पाहिली. प्रत्येक पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला. जगात ग्लोबल लोकांची इतकी दाटी असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी 'ओलावा' सुचवलं. सभ्य माणूस, त्यांनी नुसतं वहीचं पान उलटलं.

"आक्काला इचारू," शेवटी म्हणाले. "बारशाला नाव आत्याच ठेवती."

रविवारी त्यांची थोरली बहीण पेढे घेऊन आली. पलंगावर मांडी घातली, लॅपटॉप पुढे ओढला आणि पिशवीतून कुंकवाची डबी काढली. कीबोर्डवर सांडू नये म्हणून मी हात आडवा धरला. टिळा लॅपटॉपला लागला, उरलेलं कुंकू माझ्या बोटांना.

"तुला फोन आला की माणसं पयलं काय म्हणत्यात?" आक्कांनी भावाला विचारलं.

"म्हणत्यात, वरून पाणी येतंय."

"मग तेच ठेव की! कशाला ते ग्लोबल न् फिग्लोबल?"

त्यांनी लॅपटॉपच्या कडेला तोंड नेऊन रीतसर कुर्र केलं. पाळणा तेवढा राहिला. 'वरून पाणी येतंय' हा पत्ता जगात कुणीही घेतलेला नव्हता.

वही मी बाजूला ठेवायला लावली. ते बोलत गेले, मी टाइप करत गेलो. 'काम काढायच्या आधी गच्चीवर जा. पाणी जायच्या जाळीत पाला अडकलाय का बघा. अडकला असेल तर पाणी तुंबतं आणि वाट काढतं. पाला काढा, आठ दिवस थांबा. पुष्कळदा गळती तिथंच थांबते. मग मला बोलावू नका.'

माझे हात थांबले. "अहो, शेवटचं वाक्य ठेवायचं?"

"खरं हाय ना?"

"खरं आहे. पण हे ते सेक्रेटरी वाचणार आहेत."

ते जरा वेळ गुडघ्यावर तळवा घासत राहिले. "वाचू द्या," म्हणाले.

पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे चहाला बसले असताना वाघोलीहून फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"तुमचं ते वाचलं," सेक्रेटरी म्हणाले. "माणसं पाठवून सगळ्या जाळ्या साफ केल्या. पोत्यांनी पाला निघाला. आठ इमारतींची गळती थांबली. तेव्हा ते मोठं काम कमिटीनं रद्द केलंय. उरलेल्या तीन गच्च्या मात्र तुम्हीच बघा. दुसऱ्या कुणाला विचारत नाही आम्ही."

फोन बंद झाला. मला कपातून वर बघवेना. ते वाक्य मी जरा हट्टानं खोडायला हवं होतं.

"अकराच्या तीन झाल्या," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "पण सर, शेवटपर्यंत वाचलं म्हणायचं त्यांनी! आणि वर गेले!"

माझं लिहिलेलं वाचून आजवर कुणी खुर्चीतूनसुद्धा उठलेलं नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांना ते विनयाचं बोलणं वाटलं.

त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून झाल्यावर पलीकडून आक्कांचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला.

"तीन तर तीन! नाव कुणी ठेवलंय?"