आर्डिसचे सहा शब्द

आर्डिस टोलफसनने आयुष्यात एकही कविता लिहिली नाही. तरी आमच्या कवी मंडळाच्या वार्षिक संग्रहात तिचे सहा शब्द असायचेच.

तिचा नवरा मर्ल गावच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याला सेस्टिना या काव्यप्रकाराचं वेड. सहा-सहा ओळींची सहा कडवी. प्रत्येक कडव्यात ओळींच्या शेवटी तेच सहा शब्द, फक्त क्रम बदलून. आणि अखेरच्या तीन ओळींत ते सगळे पुन्हा एकदा. हे शब्द त्याला आर्डिस द्यायची. सकाळी अंडी परतता परतता समोर दिसेल ते बोलायची, आणि मर्ल ते डोक्यात घेऊन दिवसभर ट्रकांतलं धान्य उतरवायचा. संध्याकाळी बूट काढताना म्हणायचा, "तुझ्या बादलीनं आज जीव खाल्ला."

तो गेल्यावर तिने मंडळात त्याच्या नावाचं पारितोषिक ठेवलं, सेस्टिनासाठी. इथे नॉर्थ डकोटात ही रीतच आहे. संग्रहातली निम्मी पारितोषिकं गेलेल्या माणसांच्या नावाची, आणि प्रकार घरच्यांनी ठरवलेला. शब्द आर्डिस देणार हे ओघानंच आलं.

काही वर्षं बरी गेली. मग लोक थकले. गेल्या वर्षी एकही सेस्टिना आली नाही, आणि संग्रहात मर्लच्या नावाखाली 'या वर्षी पारितोषिक नाही' एवढंच छापलं गेलं. लागोपाठ दोनदा असं झालं की पारितोषिक बंद, हा मंडळाचा नियम. आर्डिस वार्षिक जेवणानंतर नेहमीसारखे सगळ्यांचे कप धुऊन गेली. या वर्षीचे शब्द तिने मला फोनवर सांगितले, तेही चाचरत: शिडी, लोणी, हातमोजे, खिडकी, मंगळवार, घर.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मंडळाची चिटणीस. आलेल्या कवितांवरची नावं काढून त्या परीक्षकाकडे पाठवायच्या आणि निकालापर्यंत तोंड बंद ठेवायचं, हे माझं काम.

फेब्रुवारीत ड्वाइट हाउगन पोस्टात भेटला. हा माझा जुना विद्यार्थी, बीट पिकवतो आणि चार-चार ओळींच्या विनोदी कविता लिहितो. सेस्टिना लिहिणं म्हणजे गाईला माडीवरून खाली उतरवणं, असं तो चारचौघांत म्हणायचा. हळूच मला म्हणाला, "बाई, एक सेस्टिना टाकलीय. दुसरं कोण लिहिणार? आर्डिसला मात्र कळू देऊ नका."

पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर मंडळातल्या लव्हॉन ब्रेकेने मला बाजूला घेतलं आणि जवळजवळ तेच सांगितलं. नंतर आणखी काही जणांनी. प्रत्येकाला वाटत होतं, लिहिणारे आपण एकटेच. आमच्या माणसांना चांगलं काही करताना पकडलं गेलेलं आवडत नाही. म्हणून संशय येऊ नये यासाठी जो तो आर्डिसला गाठून सांगून आला की यंदा सेस्टिना काही जमायची नाही.

एप्रिलमध्ये आर्डिस लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, वार्षिक जेवणात मीच उठून पारितोषिक बंद करते; नियमानं बंद पडण्यापेक्षा ते बरं.

"निकाल तरी लागू दे," मी म्हटलं. याहून जास्त बोलता येत नव्हतं.

"कसला निकाल गं? सगळे नाही म्हणून गेले." ती डब्याचं झाकण उघडत, लावत राहिली. "सवयीनं सकाळी अजून शब्द येतात. सांगू कुणाला?"

जेवण चर्चच्या तळघरात होतं. निकालाआधी आलेल्या प्रत्येक कवितेची पहिली ओळ मी वाचते, आणि ज्याची असेल तो उभा राहतो. मर्लचं नाव आलं तशी आर्डिस खुर्चीची पाठ धरून उठली.

"बस जरा," मी म्हटलं, आणि पहिली ओळ वाचली.

ड्वाइट उभा राहिला, कान लाल करून. लव्हॉनने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पुढच्या ओळीला तीही उभी राहिली. मग दारापाशी बसलेले म्हातारे न्यूगार्ड. मग कॉफीच्या भांड्याजवळच्या दोघी बहिणी. चोरी करताना सापडल्यासारखे सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी जवळजवळ सगळं तळघर उभं होतं आणि आर्डिस तेवढी बसलेली होती.

"खोटारडे कुठले," ती बारीक आवाजात म्हणाली.

पारितोषिक लव्हॉनला मिळालं. ड्वाइटचा एक मंगळवार चौथ्या कडव्यात हरवला होता. मी आर्डिसला पुढच्या वर्षीचे शब्द विचारले. तिने ते आणलेच नव्हते. रुमालाने नाक पुसून तिने टेबलावर, आजूबाजूला नजर फिरवली.

"चमचा," ती म्हणाली. "जिना. दिवा. बर्फ. बाही."

"जरा सोपं दे गं आर्डिस," ड्वाइट मागून म्हणाला. "त्या लोण्यानं महिनाभर जीव खाल्ला माझा."

आर्डिसने वळून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आणि लोणी," ती म्हणाली.