सतरा रकान्यांचा अ‍ॅम्प

चेन्नईत नोकरीला आलो तेव्हा माझ्याकडे दोन सुटकेस आणि एक उकुलेले होतं. उकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, चार तारांचं, हातभर लांबीचं वाद्य. त्याआधी कंपनीने मला सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे मला खरी गिटार घ्यायची होती, पण विमानातल्या सामानाच्या वजनाचा विचार करून मी तिच्या या धाकट्या भावंडावर भागवलं. सांगलीला आईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे मोठं होणार आहे का?"

पेरुंगुडीत ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर मला गच्चीवरची एक खोली मिळाली. घरमालक मराठी आहेत असं एजंटने सांगितल्यावर मी न बघताच हो म्हणालो होतो. ते मराठीच होते, फक्त त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेले. त्यामुळे पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी माझं स्वागत ज्या भाषेत केलं ती मला जुन्या पोथीत तमिळ मिसळल्यासारखी वाटली. मी नुसता हसत राहिलो. त्यांना ते संस्कार वाटले असावेत. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना मामी आणि त्यांच्या यजमानांना मामा म्हणू लागलो.

मामा एन्नोरकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झाले होते. उंच, सडपातळ, कपाळावर गंध, अंगात पांढरा बनियन. फार बोलत नसत. माझी सकाळची पाळी असल्यामुळे मी पाचपर्यंत घरी यायचो, चहा घेऊन गच्चीवर उकुलेले वाजवत बसायचो. पहिल्याच आठवड्यात मामा काठी टेकत जिना चढून वर आले, कठड्याजवळच्या लाकडी खुर्चीत बसले आणि ऐकू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. मला जेमतेम तीन चाली येत होत्या. त्या मी आळीपाळीने वाजवायचो आणि मामा डोळे मिटून मान डोलवायचे. मांडीवर बोटांनी ताल धरायचे. अधूनमधून "भले!" म्हणायचे.

ऑफिसात माझ्या वाद्याला 'डास' म्हणत. अशा परिस्थितीत एका तंजावरी रसिकाने रोज जिना चढून यावं, याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तंजावर म्हणजे संगीताचं माहेरघर, तिथल्या माणसाला माझ्यात काहीतरी दिसलं, असं मी घरी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना विचार, काय दिसलं?" बाबांचा स्वभावच तसा आहे.

चार महिने हे सुख चाललं. मग एका संध्याकाळी वाजवता वाजवता माझ्या पायाला एक खरा डास चावला. मी वाजवणं थांबवलं, पाय खाजवला, डास मारला, त्याचं प्रेत कठड्याबाहेर टाकलं. वर पाहिलं तर मामा मान डोलवतच होते. बोटं मांडीवर ताल देत होती. मी हात वर करून तसाच बसून राहिलो. ताल चालूच. थोड्या वेळाने "भले!" सुद्धा आलं.

मी तडक खाली गेलो. मामी पडवीत बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या.

"मामी, मामांना ऐकू येतं ना?"

"अय्यो, त्यांस कुठलें ऐकूं येतें?" मामी शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "बॉयलरनें कान नेले की. मी ओरडून सांगितलें तर कांहीं कळतें. कुकरची शिटी कळते. तुझें तें बारीक वाद्य कसें कळेल?"

"मग मान कशाला डोलवतात?"

"घर सोडून आलेलें लेंकरूं एकलें वाजवत बसतें, तुज वाईट वाटूं नये म्हणून."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. चार महिने माझी फसवणूक झाली, आणि तीही चांगुलपणाने, म्हणजे भांडायचीही सोय नाही. मी तोंड वाकडं करून उभा राहिलो. मामींनी ते पाहिलं असावं. शेंगांची परडी बाजूला ठेवून त्यांनी आतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटावर कापडात गुंडाळलेली एक लांबट पेटी होती. मामा तरुणपणी व्हायोलिन वाजवत. कान जाऊ लागले तसा सूर लागला की नाही हे त्यांना कळेना. एके दिवशी मामींनी भीतभीत सांगितलं की आज जरा वर जातंय. त्या दिवशी त्यांनी पेटी बंद केली ती पुन्हा उघडली नाही. कानाचं यंत्र आणून झालं, ते कानात शिट्ट्या मारतं म्हणून खणात पडलं होतं.

"वीस वर्षें झालीं, तारेचा सूर ऐकला नाहीं त्यांनीं," मामी म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा मोडू लागल्या.

जिना चढताना माझा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी नुसती शरम होती. तिथेच मी ठरवलं की या माणसाला एकदा तरी माझं वाजवणं ऐकवायचं. खरं म्हणजे त्यांच्यासाठी ठरवलं की माझ्या एकुलत्या एक श्रोत्याला परत मिळवण्यासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मार्ग मात्र स्पष्ट होता. उकुलेलेला अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी हवी. लहान हवी, कारण ती जिन्यावरून वरखाली न्यायची होती. आणि सेलवर चालणारी हवी, कारण वीज आमच्याकडे रोज संध्याकाळी थोडा वेळ विश्रांती घ्यायची.

आता हा प्रश्न साध्या माणसाने एखाद्या दुकानात जाऊन अर्ध्या तासात सोडवला असता. पण मी सॉफ्टवेअरमधला. मी एक्सेल उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यात सात मॉडेलं आणि नऊ रकाने होते. वजन, वॉट, सेल किती, सेल किती तास टिकतात, वगैरे. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने, जी टेस्टिंगमध्ये होती, ते पाहिलं आणि म्हणाली की प्रत्येक रकान्याला महत्त्वाप्रमाणे गुण दे, नाहीतर तुलना कशी करणार? मी गुण दिले. आमचा टीम लीड कॉफी घेऊन आला, त्याने 'धोके' नावाचा रकाना घातला. कुणीतरी रंगाचा रकाना घातला आणि त्यावरून कँटीनमध्ये वाद झाला. तिसऱ्या आठवड्यात तक्त्यात सतरा रकाने झाले, पाचवी आवृत्ती निघाली, आणि ज्या लोकांनी माझ्या वाद्याला डास म्हटलं होतं तेच मला लिफ्टमध्ये अडवून विचारू लागले, "काय, मामांचं फायनल झालं का?" सगळ्यात जास्त गुण मी वॉटला दिले होते. बहिऱ्या माणसाला मोठा आवाज लागणार, यात विचार करण्यासारखं काय आहे?

शेवटी डब्याएवढी, लाल रंगाची एक पेटी पहिली आली. आमचा एक सहकारी अमेरिकेहून परत यायचा होता, त्याने ती बॅगेत घालून आणली. सहा सेल, कमरेला अडकवायला मागे हूक, वरती तीन बटणं. टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने ती चालू-बंद करून बघितली आणि "पास" म्हणाली. मी जवळजवळ धावतच घरी गेलो. नवरात्र चार दिवसांवर आलं होतं. मामी पुढच्या खोलीत गोलू मांडत होत्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर पेटी ठेवली, सेल घातले, वायर लावली, उकुलेले मांडीवर घेतलं आणि वायरीचं दुसरं टोक हातात धरून बसलो.

मामी हातात मातीचा वाणी आणि त्याची बायको घेऊन बघत होत्या.

"ही तार कुठें लावायची?" त्यांनी विचारलं.

मी उकुलेले पुढून पाहिलं. मागून पाहिलं. खालची बाजू चाचपली. ज्या वाद्यांना अशी वायर लागते त्यांच्या पोटात माइक असतो आणि बुडाला एक भोक असतं. माझं वाद्य साधं, लाकडी होतं. त्याला पुढच्या मोठ्या गोल भोकाशिवाय दुसरं भोक नव्हतं. सतरा रकाने, पाच आवृत्त्या, एक टीम लीड, एक टेस्टर, आणि पेटी वाद्याला जोडायची कशी हे एकाही रकान्यात नव्हतं. मामींनी वाणी आणि त्याची बायको पायरीवर ठेवली आणि इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मामा आतून बाहेर आले आणि आमच्याकडे बघून, काय झालं ते न कळता, त्यांनी मान डोलवली.

ऑफिसात मी हे सांगितलं. मग मैत्रीण म्हणाली, "तू लिहून दिलं नव्हतंस."

वाट मामींनीच दाखवली. त्यांची मावसबहीण वीणा वाजवते, तिच्या वीणेला कुठे भोक आहे? वीणेवर बटणाएवढा माइक चिकटवतात. मैलापूरला वीणा दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत, त्यांच्याकडे जा. मी शनिवारी गेलो. बोळात एक लहानसं दुकान, फणसाच्या लाकडाचा वास, भिंतीला टेकलेल्या अर्ध्याकच्च्या वीणा. म्हाताऱ्यांनी माझं उकुलेले हातात घेतलं, टिचकी मारून लाकूड ऐकलं आणि तमिळमध्ये विचारलं, "हे वीणेचं बाळ आहे का?" माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. तरी मी कसंबसं सगळं सांगितलं, मामा, बॉयलर, व्हायोलिन.

ते जे म्हणाले ते मी जन्मभर विसरणार नाही, कारण माझ्या पाचव्या आवृत्तीचं त्यात पूर्ण पितळ उघडं पडलं. "ऐकू न येणाऱ्याला मोठा आवाज नको असतो," ते म्हणाले. "मोठा आवाज नुसता टोचतो. त्याला स्वच्छ आवाज हवा." त्यांनी चिकट मेणाच्या गोळीने माइक वाद्याच्या पोटावर एका जागी लावला, वाजवून पाहिला, बोटभर सरकवला, पुन्हा वाजवला. मग पेटीच्या आवाजाचं बटण, ज्याला मी सगळ्यात जास्त गुण दिले होते, ते त्यांनी अर्ध्याच्याही खाली आणलं आणि बाकीची दोन बटणं बराच वेळ केसाकेसाने फिरवत राहिले. "आता याला हात लावू नकोस," म्हणाले.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घर पाहुण्या बायकांनी भरलं होतं. गोलू बघायला येणाऱ्याने बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचं अशी तिथली पद्धत आहे, मग सुंडल म्हणजे नारळ घातलेली चण्यांची उसळ मिळते. दोन-तीन गाणी झाल्यावर मामींनी मला पुढे बसवलं. मामा कोपऱ्यात त्यांच्या लाकडी खुर्चीत होते. ते इतक्या लांब, त्यांना ऐकू जाईल का, असं मला वाटलं. त्या भरात, म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तरी, मी आवाजाचं बटण थोडं वर नेलं. पेटीने अशी काही किंकाळी फोडली की बायकांनी कानांवर हात ठेवले, एका लहान मुलीने भोकाड पसरलं आणि सगळ्यात वरच्या पायरीवरचा लाकडी राजा राणीच्या अंगावर कलला.

मामा मात्र खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा उजळला होता.

"आलें!" ते म्हणाले. "कांहींतरी आलें!"

मी बटण जागेवर आणलं आणि माझ्या तीन चालींपैकी सगळ्यात सोपी वाजवायला घेतली. मामांनी डोळे मिटले. मांडीवर बोटं हलू लागली. मला काही खात्री वाटेना. ही बोटं मी चार महिने पाहिली होती. अर्ध्यावर आल्यावर मी मुद्दाम हात थांबवला.

बोटं थांबली.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं वाजवणारच होतो, तेवढ्यात मामांनी हात वर केला.

"रोज हेंच वाजवीत होतास?"

"हो मामा," मी मोठ्याने म्हणालो.

"असेंच?"

"असंच."

"तिसरी तार उतरली आहे," मामा म्हणाले. "दुसरीही. इतके महिने उतरलेलीच असेल."

सगळ्या बायका हसल्या. मी लाजेने लाल झालो. मामांनी हात पुढे केला तसं मी उकुलेले त्यांच्याकडे दिलं, लाल पेटी त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. त्यांनी तिसरी तार छेडली, पेटीकडे कान नेला, खुंटी किंचित पिळली. पुन्हा छेडली. पुन्हा पिळली.  मामी सुंडलचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या, ताट कुणाला द्यायचं ते विसरून. तार हळूहळू वर आली आणि एका जागी जाऊन बसली. ती बसली हे मलासुद्धा कळलं. मामांची बोटं खुंटीवर तशीच राहिली आणि त्यांनी तोच एक सूर आणखी तीन-चार वेळा वाजवला, उगाच, नुसता ऐकायला.

मग दुसरी तार लावून त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं. "आतां वाजव."

मी वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा चुकलो. दोन्ही वेळा त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या संध्याकाळी मामांनी एकदाही मान डोलवली नाही.