मामंजींची निळी कुंडी

माझे सासरे हरिहर ताम्हाणे तारखात्यात होते. लोणावळ्याला पंचवीस वर्षं टक्-टक् करून अठ्ठेचाळीस साली निवृत्त झाले आणि कल्याणला रामबागेतल्या घरी आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि मांडीवर कुंडी घेऊन. कुंडीत वीतभर निळं झाड. लोणावळ्याच्या कुठल्याशा बंगल्याचा माळी पंढरी यानं बंगला विकला गेला तेव्हा त्यांना दिलेलं. झाडाचं नाव ज्युनिपर, थंड मुलखातलं, बारीक काटेरी पानांचं. सासूबाई त्याला केरसुणी म्हणत.

मी बावन्नच्या वैशाखात लग्न होऊन आले तोवर केरसुणी गुडघ्याएवढी गच्च, गोल झाली होती. लांबून बघावं तर पितळी भांड्यावर राख फासावी तसा निळसर रंग. आमच्या ठाण्याला कुणी असलं झाड पाहिलं नव्हतं. कल्याणच्या घामट हवेत ते जगत होतं हेच नवल, आणि ते मामंजींच्या हट्टानं जगत होतं. कुंडीच्या बुडाशी खापरं. वर मातीत शिंपल्यांचा चुरा, तो खाडीवरची सगुणा कोळीण मासळीच्या टोपलीतून आणून द्यायची. "तात्या, झाराला शिंपल्या चारताव का?" म्हणून हसायची. आणा घ्यायची नाही, चहा मात्र घ्यायची. पाणी घालायच्या आधी मामंजी मातीत बोट खुपसायचे, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच तांब्या उचलायचे. तुळशीला घातल्यासारखं रोज पाणी घालाल तर झाड गुदमरून मरेल, ही ताकीद मला आल्या दिवशीच मिळाली. बारा महिने कुंडी ओटीवर, वारा लागेल अशा कोपऱ्यात. आणि दर रविवारी चहा झाला की ते कुंडी पाव वळसा फिरवायचे. चारी बाजूंना सारखा उजेड मिळाला पाहिजे, नाहीतर भिंतीकडची बाजू वाळते आणि वाळलेल्या फांदीला पुन्हा पालवी येत नाही. माझ्या माहेरी नवरे बायकांची एवढी काळजी घेत नव्हते, हे मी मनातल्या मनात म्हणायची.

आता भांडण कशावरून होतं ते सांगते. सासूबाईंना मोतीबिंदू. तेव्हा तो पिकल्याशिवाय काढत नसत, म्हणून सहा वर्षं त्या धुक्यातून संसार करत होत्या. त्यांना ते झाड मातकट दिसे. "निळं म्हणे! झाड कधी निळं असतं का? कुणीतरी फसवलंय तुम्हाला," असं त्या पाहुण्यांसमोर खुशाल म्हणायच्या. मामंजी हसून सोडून द्यायचे, पण त्यांना ते लागायचं. "मोतीबिंदू काढू दे, मग बघ," एवढंच म्हणायचे. त्या झाडाचा निळेपणा ते तेवढ्यासाठीच सांभाळत होते, हे मला उशिरा कळलं.

त्याच वर्षी डिसेंबरात सासूबाईंना ठाण्याला दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. मामंजी दहा दिवस उशाशी बसून. इकडे घरात मी आणि माझे यजमान. मी नवी सून, आणि अंगात नको तेवढा उत्साह. सासूबाई यायच्या आदल्या दिवशी घर झाडलं, भांडी चिंचेनं घासली, आणि मग नजर गेली त्या झाडावर. धूळच धूळ! आमच्या माहेरी क्रोटनची पानं ओल्या फडक्यानं पुसून खोबरेल लावत, आरशासारखी चकाकत. मी पाणी घेतलं, फडकं घेतलं, खोबरेलाची वाटी घेतली आणि झाडाची पुढची अर्धी बाजू फांदी न् फांदी पुसून काढली. भिंतीकडे हात पोचेना, कुंडी हलवायची बंदी, म्हणून तेवढं राहिलं. मागे सरून बघते तर काय, निळं गेलं आणि खाली साधं हिरवंगार! मला वाटलं, वा, काय चमकतंय.

संध्याकाळी मामंजी सासूबाईंना घेऊन टांग्यातून उतरले. सासूबाईंना आत निजवलं आणि ते ओटीवर आले. झाडापाशी उभे राहिले. मी कौतुक ऐकायला पदर सावरून उभी. त्यांनी एका फांदीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"उत्तरा," ते म्हणाले, "ती धूळ नव्हती गं. तो निळा लेप झाडाचा स्वतःचाच असतो. पुसला की त्या पानावर पुन्हा येत नाही."

मेले मी! धरणी दुभंगावी असं झालं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. चष्मा महिन्याभरानं मिळणार होता, तोवर नवी फूट आली तर ती निळी येईल, म्हणाले. रोज सकाळी जाऊन बघायचे. थंडीत कसली फूट येते!

संक्रांतीला चष्मा आला. त्या पहाटे मामंजींनी एकट्यानं कुंडी पुरती अर्धी फिरवली. पुसलेली बाजू भिंतीकडे, निळी बाजू पुढे. मला म्हणाले, "हे तुझ्यामाझ्यात राहू दे."

सासूबाई बाटलीच्या बुडासारख्या भिंगांतून बघत, चाचपडत ओटीवर आल्या. थांबल्या. "अगंबाई! हे तर खरंच निळं आहे हो!" "एवढी वर्षं उगीच तुम्हाला खोटं पाडलं मी."

मामंजी धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होते. मी आत पळाले आणि कढईतला तिळाचा पाक करपेपर्यंत रडले.

त्यानंतर कुंडी पुन्हा फिरली नाही. रविवार यायचा, चहा व्हायचा, मामंजी कुंडीकडे बघायचे आणि बसून राहायचे. कुणी विचारलं तर "आता झेपत नाही," म्हणायचे. डोळ्यांदेखत झाड एका अंगानं वाळत होतं आणि हा माणूस माझी चूक भिंतीकडे वळवून झाकत होता. कितीदा वाटलं सासूबाईंचे पाय धरून सांगून टाकावं. धीर झाला नाही.

सत्तावनच्या भाद्रपदात मामंजी गेले. दिवस झाले, पाहुणे गेले. पुढच्या रविवारी चहा ओतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उत्तरा, ती कुंडी फिरव."

"नको, आई. जड आहे."

"फिरव गं. माझे डोळे गेले होते, नाक शाबूत होतं. मी टांग्यातून उतरले तेव्हाच ओटीवर खोबरेलाचा घमघमाट. वर इतकी वर्षं दर रविवारी कुंडी न फिरवता हे नुसते तिच्याकडे बघत बसलेले. मला काय कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस. सुनेसाठी बोलत होता. म्हटलं, बोलू दे." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आता कुणापासून लपवायचंय? लागू दे त्या बाजूलाही ऊन."

मी कुंडी फिरवली. ती बाजू सगळी वाळून गेली होती. सासूबाई तिच्याकडे बघत चहा थंड होईपर्यंत बसून राहिल्या.