बिनअक्षराचा बोल्ट

मागच्या लेखात मी बजावून सांगितलं होतं, वेरूळकडं जाताना डोक्याला काहीतरी बांधा. बांधलं का? नाय. उन्हात डोकी तापवून आलात आणि वर मलाच विचारता, "आज्जी, असं कधी सांगितलं होतं?" तुम्हाला लिहिता येतं ना, म्हणून बिनधास्त विसरता. मला अक्षर येत नाय, त्यामुळं सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आताही मी बोलतेय आणि माझी नात पल्लवी टाइप करतेय. नावडती वाक्यं ती गाळते, म्हणून मी सगळं दुसऱ्या कुणाकडून दोनदा वाचवून घेते.

या प्रवासाचं कारणही तीच. ती दोरी लावून कडे चढते. वेरूळच्या पुढं, लेण्यांपासून चांगलं लांब, एका शेताच्या कडेला काळ्या दगडाचा उंच कडा आहे. (लेण्यांच्या दगडाला खिळा लावायचा विचारही करू नका.) शेतमालकाची परवानगी मिळाली होती. या कड्यावर अजून कुणी चढलेलं नव्हतं, पहिली पल्लवी चढणार होती. दगडात ठोकलेल्या बोल्टांना दोरी अडकवत वर जायचं. पाय सुटला तर सगळा जीव त्या बोल्टावर.

ते बोल्ट मी शुक्रवारी पाहिले, खाटेवर पसरलेले. चढाईचे खास बोल्ट यायला महिना लागतो, म्हणून त्यांच्या गटाच्या म्होरक्यानं, सचिननं, गुलमंडीच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले होते. सचिन पस्तिशीचा, बँकेत नोकरीला, बोलायला फार हुशार.

"यावर काय लिहिलंय, वाच बरं."

"काहीच नाय."

"आणि त्या खास बोल्टांवर?"

"किती झटका सोसतील ते कोरलेलं असतं."

"म्हणजे हा माझ्यासारखाच. निरक्षर."

पल्लवी हसली नाय. "आज्जी, तुला त्यातलं काय कळतंय?"

झालं. रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाणार, हे तिथंच ठरलं. पोरगा म्हणाला, "आई, गुडघे?" म्हटलं, गुडघे माझेत, तू तुझं पोट सांभाळ.

शनिवारी आधी गुलमंडी गाठली. जायचं तर सकाळी जा, दुपारनंतर रिक्षा आत शिरत नाय. दुकानदार भला माणूस, स्टूल दिला, चहा पाजला. बोल्ट दाखवला तर म्हणतो, "अम्मा, हाथी लटका दो, नहीं निकलेगा!"

"हत्ती गुमान लटकून राहील बाबा. माझी नात पडंल. वरून, झटक्यानं. त्याला चालतो का?"

त्यानं बोल्ट हातात घेऊन फिरवला. "वो नहीं मालूम, अम्मा. हम तो पंखे के लिए, खिडकी की जाली के लिए देते."

ठाऊक नाय ते ठाऊक नाय म्हणाला. एवढं सरळ उत्तर मला त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणी दिलं नाय.

रविवारी सकाळी निघालो. वेरूळला एसटी भरपूर, तासाभराचा रस्ता, बायांना अर्धं तिकीट आणि माझ्या वयाला तेही नाय. आम्ही सचिनच्या गाडीतून गेलो, भाडं वाचलं पण त्याचं बोलणं सोसावं लागलं. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच गाडी जाते. तिथं खोळंबलात तर चिडू नका, सीताफळं घ्या. डोळे उघडलेली घ्या, विकणारी कितीही म्हणाली तरी कडक घेऊ नका. पुढं घाट चढला की वारा लागतो. वेरूळला भजी खाल्ली, गरम होती, तेलकट होती, मी दोन प्लेटी खाल्ल्या.

कड्याच्या पायथ्याशी सचिननं ड्रिलनं भोक पाडून एक बोल्ट बसवला, पुरुषभर उंचीवर. मी म्हटलं, पाळण्यात लेकरू घालायच्या आधी आम्ही कडीला ज्वारीचं पोतं टांगून बघतो. तसं बघ. सचिन आणि पल्लवीनं खताच्या गोणीत दगडमाती भरली, दोघांनी मिळून उचलली, टांगली. बोल्ट हलला नाय.

"बघा आज्जी!"

"बघितलं. आता गोणी बोल्टापर्यंत उचल, दोरी ढिली ठेव, आणि सोड."

माझ्या माहेरी विहिरीवर मोट होती. भरली मोट वर येताना कधी काही मोडलं नाय. पण बैल मागं सरले, नाडा ढिला पडला आणि पुन्हा एकदम ताणला गेला, की चाकाचा कणा काडकन जायचा. ओझं तेच असायचं, मोडायचा तो झटका.

पहिल्यांदा गोणी सोडली, बोल्ट टिकला. सचिन हसला. "अजून एकदा," मी म्हटलं. दुसऱ्या झटक्याला दगडाचा भुगा उडाला आणि बोल्ट वाकडा होऊन गोणीसकट खाली आला.

सचिन भोकात बोट घालून बघायला लागला. "भोक नीट पडलं नसंल. दुसरं पाडू."

"आणि तो टिकला तर? हा टिकला म्हणून पिशवीतला पुढचा टिकंल, हे कुणी लिहून दिलंय?"

"आज्जी, इतक्या लांबून आलोय. मी स्वतः आधी चढतो, मग तर झालं?"

मी उठले, सतरंजी उचलली, बरोबर त्याच्या चढायच्या वाटेखाली अंथरली आणि बसले. "चढ. पडलास तर माझ्यावर पड."

"पल्लवी, सांग ना आज्जीला!"

पल्लवी लालेलाल झाली होती. माझ्यावरच चिडली होती, मला दिसत होतं. बराच वेळ तिनं तो वाकडा बोल्ट हातात धरला. मग कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. सचिन दोनदा कड्याकडं गेला, दोनदा परत आला. शेवटी त्यानं डबा काढला.

धपाटे होते, त्याच्या आईनं दिलेले. झाकण निघता निघेना. तो म्हणाला, "आई दोनदा दाबून बघते, सांडायला नको म्हणून." बोलला आणि खाली बघत राहिला. त्या दिवशी मी त्याला सगळं सुनावलं, फक्त या झाकणावरून टोमणा मारला नाय.

कडा न चढताच घरी आलो. पल्लवी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाय. तिसऱ्या दिवशी खास बोल्ट मागवले. महिन्यानं आले तेव्हा माझं बोट धरून कोरलेल्या अक्षरांवरून फिरवलं आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. वाकडा बोल्ट माझ्या खिडकीत आहे, पडदा उडू नये म्हणून. तेवढं काम तो झकास करतो.

येत्या रविवारी पुन्हा जाणार. मीही. सचिन, तू हे वाचतोस, मला ठाऊक आहे. आईला धपाटे करायला सांग, तीळ जास्त, दही वेगळ्या डब्यात. आणि झाकण तू लावू नकोस, तिलाच लावू दे.