सात फेऱ्यांचं दूध

अबेकेला मापाची सवय बाजारानं लावली. तीस वर्षं तिनं इग्बो-ओरा गावच्या बाजारात वाळवलेल्या कोनफळाचं पीठ विकलं. माप भरायचं, वरून बोट फिरवून सपाट करायचं, ना कण जास्त ना कण कमी. गिऱ्हाइकानं वरकड मागितलं तर म्हणायची, "तुला चिमूट दिली तर मागच्यानं काय घोडं मारलंय?"

लेकीला, मोरोलाला, जुळं झालं तेव्हा अबेकेनं दुकानाला कुलूप घातलं आणि गाठोडं उचलून जावयाच्या घरी आली. पोरगी आधी आली, ती ताइवो. मागून पोरगा आला, तो केहिंदे. नावं शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. त्या गावात पहिल्याचं नाव ताइवो आणि दुसऱ्याचं केहिंदे, हे ठरलेलंच. मोठेपणाचा मान मात्र मागून येणाऱ्याचा. धाकट्याला पुढं धाडून "जग कसं हाय ते बघून ये" म्हणणारा तोच ना.

गावात जुळ्यांचं अप्रूप नव्हतं. दर गल्लीत चार-दोन जोड्या असायच्याच. पण जुळ्यांचा धाक होता. एकाला दिलं ते दुसऱ्याला द्यायचं. कापड एकाच ताग्यातलं, कमरेचे मणी सारखे, उद्या चापट मारायची झाली तरी दोघांना. दुजाभाव झाला की ज्याला कमी पडलं ते रुसतं, आणि जुळ्याचं रुसणं म्हणजे आल्या वाटेनं परत जाणं.

अबेकेनं रात्रीचं दूध आणि झोप, दोन्ही मापात बसवलं. रात्रीतून तीनदा पाजायचं, दोघांना एकाच वेळी. एक झोपलेलं असलं तर तळपायाला ओलं फडकं लावून उठवायचं. मोरोला भिंतीला टेकून दोघांना दोन अंगांना घ्यायची. समोर अबेके मांडी ठोकून जुळ्यांची बिरुदावली म्हणायची आणि दर फेऱ्याला एक बोट मिटायची. सात फेरे झाले की दोन्ही तोंडं सुटली पाहिजेत. मग चटईवर शेजारी शेजारी, कंदील बारीक, आणि सारं घर गप.

जावई देले भाड्याची मोटारसायकल चालवायचा. तो नाक्यावर मिशीला ताव द्यायचा, "जुळ्याच्या बापाचे डोळे लाल असत्यात म्हणं. माझे बघा!"

शेजारची मिरचीवाली सिकिरा अबेकेची बाजारातली सखी. ती दारातून डोकवायची. "काय गं अबेके, दूध पाजतीस का पीठ मोजतीस?"

"तू तुझ्या मिरच्या बघ. माझी लेकरं रातीला रडत्यात का?"

"न्हाई बाई. तुझ्या भ्यानं आमची बी रडायची थांबल्यात."

केहिंदे खादाड होता. चौथ्या फेऱ्यालाच पोट टम्म भरून घोरायला लागायचा. ताइवोचं तसं नव्हतं. दोन घोट घ्यायची, डोळे मिटायची, दमलेल्या म्हातारीसारखी थांबायची, परत दोन घोट. सातवं बोट मिटायचं तेव्हा कुठं तिचा जबडा तालावर येत असे, आणि नेमकी तेव्हाच अबेके करंगळी घालून तिला सोडवायची. पोर रडतही नसे. अबेकेला वाटायचं, किती शहाणी आहे.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी दवाखान्यात आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगला होता. केहिंदेला झोळीत ठेवलं तसा काटा खाली गेला. ताइवोला ठेवलं तर काटा नुसता थरथरला. दोन किलो दोनशे. दोन आठवड्यांपूर्वीही तेवढंच होतं.

नर्सबाई दूर समुद्रकिनाऱ्याकडची. तिनं सगळं विचारून घेतलं, मग कपाळाला हात लावला. "आजी, हे दूध आहे की शाळेची तासिका? ही पोर हळू पिते. तिला ओढून काढायचं नाही. सोडेल तेव्हा सोडू दे. आणि तिला जास्त वेळा पाज."

"एकटीला?"

"हो, एकटीला. पुढच्या गुरुवारी वजन वाढलं नाही तर मी इबादानच्या मोठ्या दवाखान्यात पाठवणार."

घरी आल्यावर अबेके म्हणाली, "त्या बाईच्या गावात जुळी होत न्हाईत. तिला काय कळतंय?"

मोरोलानं खाली मान घालून आईला विचारलं, "इया, मग काय करायचं?"

"करायचं काय? सात फेरे."

दोन रात्री तसंच चाललं. तिसऱ्या रात्री अबेकेला जाग आली ती चुटचुट आवाजानं. कंदील मिणमिणत होता. मोरोला कोपऱ्यात पाठ करून बसली होती, पदराआड एकटी ताइवो.

"मोरोला!" अबेकेचा आवाज चिरला. "चोरून पाजतीस? त्यो केहिंदे तिथं निजलाय आन् तू त्याच्या वाट्याचं—"

"त्याचं पोट भरलंय, इया! त्याला काय पायजे अजून?"

"पोटाचा सवाल न्हाई गं. माझ्या आयेनं बी असंच केलं हुतं."

आईचं खरं नाव केहिंदे आहे, हे मोरोलाला ठाऊक होतं. गाव ते विसरलं होतं. आईची जुळी बहीण ताइवो तीन महिन्यांची होऊन गेली, एवढंच घरात बोललं जायचं.

"मला भूक जास्त," अबेके म्हणाली. "म्या रडायची, तवा आये मला जास्त पाजायची. ती गप पडायची, म्हणून तिला कमी. मरंस्तवर आये म्हणायची, तुला दिलं म्हणून ती रुसली. पोरी, म्या तिच्या वाट्याचं पिऊन मोठी झाले."

मोरोलानं ताइवोला छातीपासून काढलं नाही. ती हळूच म्हणाली, "इया, रागावू नका. ती गप पडायची म्हणता. ही पण गपच पडते. तुम्ही बोट घालता तेव्हा ही कधी रडलीय?"

अबेके उठली आणि गाठोड्यापाशी जाऊन बसली. आतून फडक्यात गुंडाळलेली वीतभर लाकडी बाहुली काढली. बहीण ताइवो गेल्यावर तिच्या जागी सांभाळायला आयेनं करून घेतलेली. रोज धुऊन, रोज भरवून तिचं नाक-तोंड पार झिजलेलं. अबेकेनं अंधारात त्यावरून अंगठा फिरवला.

आये हिला चवळी भरवायची ते आठवलं. बाहुलीला काय घाई? एकेक दाणा ओठाला लावत आये निवांत बसायची, आणि चिमुरडी अबेके चुळबुळत असायची. पण तिला राग आल्याचं आठवत नव्हतं. का बरं? कारण आयेचा एक हात बाहुलीशी असायचा आणि दुसऱ्या हातानं तिनं अबेकेला मांडीत दाबून धरलेलं असायचं. तोंडानं अबेकेची थोरवी चाललेली असायची, तिची एकटीची. आये फेरे मोजत नव्हती. बाहुलीचं पोट भरेपर्यंत ते चालायचं.

मग बाहुली बाजूला ठेवून अबेकेनं झोपलेल्या केहिंदेला उचललं, मांडीत घेतलं आणि त्याच्या कानाशी सुरुवात केली, "अरे माझ्या थोरल्या, बहिणीला पुढं धाडून मागनं डौलात येणाऱ्या..."

"इया, त्याला झोपू द्या ना!"

"गप. तू तिला दूध दे, म्या ह्याला त्याचा वाटा देते. ती सोडंल तवाच म्या थांबंन."

ताइवोनं पाऊण तास सोडलं नाही.

घराची झोप मात्र उडाली. केहिंदेला चटकच लागली. बहीण प्यायला लागली की हा झोपेतून डोळे टक्क उघडून आजीकडं बघायचा. देले लाल डोळ्यांनी नाक्यावर जाऊ लागला. सिकिरा खिडकीतून ओरडली, "अगं अबेके, राजा बी एवढी थोरवी ऐकत न्हाई! जरा आमच्या कानांचा इचार कर!" दिवसा मात्र तिनंच येऊन मक्याची आंबील ढवळली, म्हणाली, "पड जरा सटवे. डोळ्याखाली मिरच्या वाळत घातल्यागत दिसतंय." अबेके चूलखंडाला टेकली ती तिथंच झोपली.

गुरुवार आला. अबेकेनं ताइवोला झोळीत ठेवताना डोळे मिटून घेतले.

"दोन किलो चारशे," नर्सबाई म्हणाली. तिनं काटा पुन्हा पाहिला. "चारशेच. आजी, इबादान रद्द."

मोरोला रडायला लागली. रांगेतल्या बायका हसून टाळ्या वाजवू लागल्या. अबेके मात्र रांगेकडं पाठ करून उभी होती. ताइवो अजून झोळीत झुलत होती, साऱ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि आजीच्या पाठीला बांधलेला केहिंदे कुरकुरायला लागला होता.

"अरे माझ्या थोरल्या," अबेकेनं मान वळवून सुरू केलं, "बहिणीला पुढं धाडून..."

"आजी, जरा हळू! मला लिहायचंय!"

"तू लिही की बाई. तिचं मोजून झालं की सांग, मग म्या थांबते."