फूटपाथवरचा सोफा

आमच्या जुन्या हुबळीच्या गल्लीत कुणाचं कपाट दारात आलं, की बिऱ्हाड हलतंय हे न विचारताच कळतं. मग शेजारून कुणीतरी चहा नेऊन देतं. याच गल्लीत वाढलेली पारूबाईंची आरुषी घरी बसून एक काम करते. परदेशातल्या रस्त्यांचे फोटो येतात आणि त्यातली कुठली वस्तू काय आहे, ते खूण करून सांगायचं. त्यावरून तिकडची यंत्रं शिकतात. शिकवणारी इथं, शहाणी होणारी तिकडं! मला याचा राग येतो, तिला येत नाही. बी.ए. झाल्यावर कशीबशी मिळालेली ही नोकरी, आणि घर तिच्यावरच चालतं.

गेल्या महिन्यात तिला ताकीद आली. अशाच चुका होत राहिल्या तर काम बंद. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी शेजारी बसून फोटो पाहिले. फूटपाथवर सोफा, टीव्ही, कुठं कॉम्प्युटर. सगळ्यांवर तिनं 'घर बदलण्याचं सामान' अशी खूण केली होती.

"बरोबरच आहे की," मी म्हणाले. "टेम्पो यायचाय अजून."

"मलापण तसंच वाटलं, अक्का."

शेवटी तिनं देशपांडे नगरातल्या ऑफिसात प्रसादसरांना स्पीकरवर फोन लावला. तिचं काम तेच तपासतात. ते हसले नाहीत, एवढी मेहेरबानी.

"आरुषी, कुणी घर सोडत नाहीये. नवीन आणलं की ते लोक जुनं बाहेर ठेवून देतात. तिथं कचरा म्हणून खूण कर."

"चालू असलं तरी, सर?"

"हौदु. चालू असलं तरी."

पारूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "धडधाकट सोफा? आणि घरचं कुणी ओरडत नाही?"

आरुषी चुका दुरुस्त करायला बसली. सोफा, कचरा. टीव्ही, कचरा. हात भराभर चालत होता. नोकरी वाचणार म्हणून मला फार बरं वाटलं. मग एका फोटोपाशी ती थांबली. खुर्चीवर लॅपटॉप ठेवलेला, वायर नीट गुंडाळलेली. तिनं फोटो मोठा करून पाहिला.

"अक्का, माझा लॅपटॉप याच्यापेक्षा जुना आहे."

तिनं त्याच्याभोवती चौकोन काढला आणि 'कचरा' दाबलं. या वेळी उत्तर बरोबर आलं.