चार बोटं अंतर

सायकलचा पुढचा शॉकअप खड्ड्यात दबतो, हे मी साफ विसरलो. चार दिवसांच्या भटकंतीसाठी माझ्या जुन्या माउंटन बाइकच्या हँडलला तंबूची वळकटी बांधली, तेव्हा अंगणात तिच्यात आणि चाकात चांगलं चार बोटं अंतर होतं. घाटाच्या उतारावर पहिल्याच खड्ड्यात चाकाने वळकटी धरली आणि मी करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो. आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक मात्र निवांत फिरत होतं, जणू तिचं काही चुकलंच नव्हतं.

चुकलं नव्हतंच. दुकानदार म्हणाला होता, “काका, लांबच्या प्रवासाला वेगळी सायकल येते. ही विकून टाका.” नाही विकणार. हिची प्रत्येक करकर मला ओळखू येते. जवळ आहे तिलाच नवं काम शिकवावं. निवृत्तीनंतर बायकोने मलाही कुकर लावायला शिकवलंच की. नवा नवरा नाही आणला.

काटे उपटून मी वळकटी सोडली, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सीटमागे आवळली आणि पुढे निघण्याआधी बायकोला फोनवर हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं.

ती शांतपणे म्हणाली, “सायकल शिकेल हो. तुम्हाला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.”